चांदची तारीख आणि वेंगुर्ल्याचा समुद्र

ईदची नमाज, गळाभेटी, शीरखुर्मा आणि पाहुण्यांची वर्दळ संपली की आमच्या भागातल्या तरुणांना एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे समुद्र. बासी ईदला नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या बाजूच्या गावांतून जीपगाड्या भरून मुले निघतात. कोणी मालवणला, कोणी वेंगुर्ल्याला, तर कोणी थेट गोव्याला. घाट उतरला की चार तासांत खारे वारे लागते. घरातल्या बायकांच्या वाट्याला यातले काय येते? डबा बांधून देणे आणि मुलगा परत येईपर्यंत मोबाइलकडे बघत बसणे. फार तर एखाद्या वर्षी सगळे घर निघते. तेव्हाही आपण वाळूवर चादर अंथरून चपला, पिशव्या आणि पाकिटे राखत बसतो. समुद्र बघितला असे म्हणायचे, पण बघितलेल्या असतात दुसऱ्यांच्या चपला.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. भूगोल माझा विषय नाही. पण घरात वाढती मुले असली की प्रत्येक विषय आपलाच होतो. माझी थोरली नववीत आहे, धाकटा पाचवीत. दोघांनीही समुद्राचा हट्ट धरला होता आणि तो हट्ट मला चुकीचा वाटत नव्हता. अडचण होती ती भीतीची, आणि ती भीती खोटी नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांत मुलीही होत्या. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले. बेळगाव आम्हाला कोल्हापूरपेक्षा जवळचे. त्या दिवशी आमच्या गावातही चुली पेटायला उशीर झाला होता. तेव्हापासून अनेक घरांनी एक सोपा मार्ग काढला. मुलांना ओरडून पाठवायचे आणि मुलींना पाठवायचेच नाही.

मला हा मार्ग मान्य नाही. मुलाला नुसती ताकीद देऊन आणि मुलीला घरात बसवून कोणीच सुरक्षित होत नाही. समुद्र कधी चढतो, कधी उतरतो, कुठे ओढतो हे दोघांनाही शिकवले पाहिजे. हे शिकवायला आपल्यासारखी सोयीची माणसे नाहीत, कारण आपण चांद बघून महिना धरणारे लोक आहोत आणि समुद्रही चांद बघूनच चालतो.

थोडे सविस्तर सांगते. समुद्राला दिवसातून साधारण दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या आसपास जातात आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. हे झाले रोजचे. पण प्रत्येक दिवसाची भरती सारखी नसते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र पडते आणि पाणी खूप वर चढते, तितकेच खूप खाली उतरते. याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या दृष्टीने काटकोनात असतात. त्यांची ओढ एकमेकांना कमी करते, पाणी बेताने चढते आणि बेताने उतरते. कोकणातले लोक याला भांगाची भरती म्हणतात. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमा उलटल्यावर एक-दोन दिवसांनी असतो.

आता ईद कधी येते ते पाहा. अमावास्या सरून एक-दोन दिवसांनी पश्चिमेला चांदची कोर दिसते आणि दुसऱ्या दिवशी शव्वालची पहिली तारीख, म्हणजे ईद. उधाणाचा जोर नेमका याच दिवसांत. बासी ईदला जीप भरून जाणारी आपली मुले दरवर्षी, न चुकता, महिन्यातल्या सर्वांत जोराच्या पाण्यात उतरत असतात. हे कोणाच्या दुर्दैवाचे लक्षण नाही, हा चंद्राचा हिशेब आहे. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येते, पण उधाण तिची पाठ सोडत नाही. बकरी ईदचे गणित थोडे वेगळे. ती चांदच्या दहाव्या तारखेला असते. भांग नुकताच सरलेला असतो आणि पाणी पुन्हा वाढू लागलेले असते. पण सध्या ती मे-जूनमध्ये येते आहे. पावसाळ्याच्या तोंडावर खवळलेल्या समुद्रात उतरण्याचा विचारच करू नये.

म्हणून आमच्या घरात मी एवढेच मांडले की जायचे तर जाऊ, पण बासी ईदला नाही. चांदच्या सातव्या-आठव्या तारखेला जाऊ. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आला आणि ईद ३१ मार्चला. चांदची सात तारीख ६ एप्रिलला, रविवारी पडत होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी रामनवमी, म्हणजे तिथी नवमी. हिशेब जुळला. शनिवारची किरकोळ रजा टाकली. शेजारच्या ओळखीच्या माणसाची गाडी ठरवली.

राहिल्या आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. वय सत्तरच्या पुढे, गुडघे कुरकुरतात. त्यांनी आयुष्यात कधी समुद्र बघितला नव्हता. हे वाचून नवल वाटेल, पण घाटमाथ्यावरच्या गावांत अशा शेकडो बायका आहेत. आमच्या बाजूच्या नद्याही तशाच. हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र कावळ्याच्या उड्डाणाइतका जवळ, पण ती त्याच्याकडे पाठ करून आजरा, गडहिंग्लजकडे येते, घटप्रभेला मिळते आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराला जाते. आमच्या विहिरींचे पाणी देश ओलांडते आणि आमच्या बायका घाट उतरत नाहीत.

अम्मी पहिल्यांदा म्हणाल्या, "पानी तो पानीच है, उसमें क्या देखने का?" दुसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाल्या, "बावा गये थे ना जहाज से." त्यांचे वडील हजला गेले होते ते मुंबईहून जहाजाने. त्या काळी हजचा प्रवास समुद्रावरून व्हायचा. पुढे विमाने वाढली आणि १९९५ साली हज यात्रेची जहाजे बंद झाली. अम्मींच्या लहानपणी घरातले पुरुष बावांना पोहोचवायला मुंबईपर्यंत गेले, बायका आणि मुली वेशीपर्यंत. निघताना बावांनी सगळ्यांकडून कहासुना माफ करून घेतले होते, कारण जहाजाने गेलेला माणूस परत येईलच याची खात्री कोणी धरत नसे. ते परत आले, खजूर आणि आबे-जमजम घेऊन आले, आणखी बरीच वर्षे जगले. पण एका लहान मुलीच्या मनात समुद्र म्हणजे बापाला घेऊन जाणारे पाणी, एवढेच राहिले. हे आम्हाला लग्नाच्या एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हते. मग अम्मींना विचारायची गरज उरली नाही. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची गाडीच्या टपावर बांधली.

शनिवारी फजरनंतर निघालो. आजरा, गवसे करत आंबोली गाठली. हाच जुना व्यापाराचा रस्ता. रेल्वे येण्याआधी बेळगाव आणि घाटमाथ्यावरचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरात जायचा आणि तिथून गलबतांनी मुंबईला. पुढे १८८० च्या दशकात रेल्वेने बेळगावचा भाग मुरगाव बंदराला जोडला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. आज ते गाव शांत आहे याचे एक कारण हे. जे बंदर मागे पडले, तेच आता माणसांना विसावा द्यायला मोकळे आहे.

वाटेत सावंतवाडीला थांबावे, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगेन. मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे. तिथे गंजिफा तयार करण्याची कला अजून जिवंत आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. हा खेळ इराणी वळणाचा, मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुळला. बाबराच्या आत्मचरित्रातही त्याचा उल्लेख आहे. मोगली गंजिफ्यात आठ रंगांचे ९६ पत्ते असतात आणि रंगांची नावे ताज, शमशीर, गुलाम अशी. आपल्या लोकांनी त्याच खेळाला दशावताराचे रूप दिले, दहा रंग आणि १२० पत्ते. सावंतवाडीच्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी स्वतः शिकून ही मरू घातलेली कला उभी केली. माझ्या धाकट्याला पत्ते म्हणजे जुगार एवढेच ठाऊक. तो बिचकला. त्याला सांगितले की आपण इथे खेळायला नाही, हात बघायला आलोय. एवढ्याशा गोलावर मिशीइतक्या बारीक रेषेने चित्र काढणारा हात बघून तो गप्प झाला. चितार आळीतून लाकडी फळांची एक टोपली घेतली. आंबा, केळे, सीताफळ, सगळे लाकडाचे. अम्मींनी त्यातले पेरू खरे समजून दाबून बघितले.

दुपारी शिरोड्याला गेलो. शाळेतल्या माणसासाठी शिरोडे म्हणजे वि. स. खांडेकर. १९२० साली ते तिथल्या ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथेच राहिले, मग कोल्हापूरला आले. पुढे 'ययाति' या कादंबरीसाठी १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला आणि मराठीला पहिले ज्ञानपीठ लाभले. एवढा मोठा लेखक अठरा वर्षे एका खेड्यातल्या शाळेत मुलांच्या वह्या तपासत होता, ही गोष्ट मला दर जूनमध्ये बळ देते. याच शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. वाफ्यात साठलेले पाणी आणि कडेला मिठाचे ढीग बघून धाकट्याने विचारले, "एवढंच मीठ उचललं म्हणून तुरुंगात?" मी म्हटले, "हो, एवढ्याचसाठी." पुस्तकातला धडा असा एका वाक्यात कळतो.

संध्याकाळी वेंगुर्ला. घरगुती निवासाची खोली घेतली होती. आमच्या गावाला लोक प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांचे स्मारक बघायला येतात, फोटो काढतात आणि तासाभरात निघून जातात. गाव तसेच राहते. त्यामुळे परगावी गेले की मला तिथल्या माणसांचे काय चालले आहे ते बघावेसे वाटते. वेंगुर्ल्यात बघण्यासारखे पुष्कळ आहे. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना इथून रसद मिळे. त्या वखारीचे पडके अवशेष आजही उभे आहेत. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. बंदरावर टेकडी आहे, दीपगृह आहे. कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्म याच गावचा, १९२९ सालचा. आणि आमच्या भागाशी जिवाचे नाते असलेली एक जागा म्हणजे इथले फळ संशोधन केंद्र. चंदगड-आजऱ्याच्या काजूच्या बागांत 'वेंगुर्ला चार', 'वेंगुर्ला सात' ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात, त्या जाती इथल्याच. रत्ना हा आंबा इथला, आणि जवळजवळ बिनकोयीचा सिंधूही. रविवार मध्ये आल्याने आत जायचा बेत आम्ही केला नाही, पण शेतकरी कुटुंबाने सोमवार ते शुक्रवार धरूनच यावे.

रविवारी सकाळी आम्ही मांडवी खाडीवर गेलो. इथे 'स्वामिनी' नावाचा महिलांचा बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. होडी वल्हवणाऱ्या बायका, माहिती देणाऱ्या बायका. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या या बायका. खाडीच्या दोन्ही काठांना कांदळवन, मुळे चिखलातून वर आलेली. आम्हाला नेणाऱ्या ताईने सांगितले की ही मुळे श्वास घेण्यासाठी वर येतात, कारण खाऱ्या चिखलात हवा नसते. कांदळवन लाटांचा आणि वादळाचा मार अंगावर घेते, म्हणून गाव टिकते. मासे आणि कोळंबी याच मुळांत वाढतात. झाडे तोडली तर पुढच्या वर्षी जाळे रिकामे येते. हे सगळे ती हाताने वल्हे मारत सांगत होती. तिने साडीचा काचा मारला होता आणि अंगावर लाइफ जॅकेट होते.

लाइफ जॅकेट सगळ्यांना घातले. माझ्या ओढणीवरून आणि अम्मींच्या बुरख्यावरूनही. अम्मींना होडीत बसवताना दोघींनी दोन्ही बाजूंनी धरले. यजमान पुढे सरसावले तर ती ताई म्हणाली, "तुम्ही बसा दादा, आम्ही आहोत." होडीत बायकाच असल्यामुळे अम्मींना अवघडल्यासारखे झाले नाही. थोडे पुढे गेल्यावर थोरलीने विचारले, "मावशी, तुम्हाला पोहता येतं?" ती हसली. "खाडीकाठी जन्म घेतल्यावर विचारायचं असतं का ते?" मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिचा प्रश्न मला समजला. नेसरीत नदी आहे, विहिरी आहेत. मुलगे पोहायला शिकतात. मुली काठावर धुणे धुतात आणि पाय घसरला तर बुडतात. पोहणे हे पाण्याजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला यायला हवे, मग तो मुलगा असो वा मुलगी. पडद्याची सोय करता येते, बायकांची वेगळी वेळ ठेवता येते. सोय करायची इच्छा पाहिजे.

असे वेगळे राहून पाण्यात उतरणे हे फक्त आपल्याकडचे खूळ आहे असे कोणी समजू नये. समुद्रकाठी सुट्टी घालवायची रीत मुळात इंग्रजांची. अठराव्या शतकात रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने समुद्राच्या पाण्याचे गुण सांगितले आणि ब्रायटन हे मासेमारीचे गाव श्रीमंतांचे झाले. तेव्हा इंग्रज बायका उघड्यावर समुद्रात उतरत नसत. चाकांच्या लाकडी खोल्या असायच्या. बाई आत बसायची, घोडा ती खोली पाण्यात ओढून न्यायचा आणि ती समुद्राच्या बाजूच्या दारातून, अंगभर कपड्यांत, पाण्यात उतरायची. बायकांची जागा वेगळी, पुरुषांची वेगळी. लाज आणि समुद्र यांची सांगड प्रत्येक समाजाने आपल्या परीने घातली आहे.

त्याच ब्रायटनमध्ये आपला एक माणूस नावारूपाला आला. शेख दीन मोहम्मद. जन्म १७५९, पाटण्याचा. कंपनीच्या फौजेबरोबर फिरला, आयर्लंडला गेला, १७९४ साली इंग्रजीत प्रवासवर्णन छापले. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारा तो पहिला हिंदुस्थानी मानला जातो. १८१० साली त्याने लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे घर काढले, पण ते फार चालले नाही. हार न मानता तो ब्रायटनला गेला आणि वाफेचे स्नान आणि चंपी यांचे स्नानगृह काढले. आपण केसांना लावतो तो शॅम्पू हा शब्द याच चंपीच्या कुळातला. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा तो नेमलेला चंपीवाला होता. १८५१ साली तिथेच वारला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते आणि तिथे हिंदू-मुसलमान सैनिकांची जेवणाची वेगवेगळी सोय केलेली होती. दुपारी खोलीत पंख्याखाली पडल्या पडल्या ही गोष्ट मी मुलांना सांगितली. थोरली म्हणाली, "म्हणजे हॉटेल बुडालं नसतं तर शॅम्पू आला नसता?" मी म्हटले, शब्द आला असता, पण त्याला एवढा मान मिळाला नसता.

जेवणाबद्दल बहिणींना नेहमी काळजी असते, म्हणून लिहिते. कोकणात बाहेर खायचे तर मासळी सर्वांत सोपी. तिला जबीहाचा प्रश्न नाही. फक्त वेगळा तवा आणि भांडी यांची चौकशी करून घ्यावी. आम्ही बांगडा आणि सुरमई घेतली. धाकट्याला खेकडा हवा होता. कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे, त्यांच्यातल्या अनेक घरांत खेकडे, तिसऱ्या चालतात. आम्ही घाटावरचे हनफी. अम्मींनी नजरेनेच नाही म्हटले आणि धाकटा पुटपुटला, "पुढच्या वेळी कोकणातल्या मित्राच्या घरी येईन."

आणखी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगितली. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने कचरा घरातच वेगवेगळा करून घ्यायची शिस्त लावली आणि जिथे कचऱ्याचे ढीग होते ती जागा लोकांनी बघायला यावी अशी केली. ओल्या कचऱ्यापासून गॅस, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जे गाव आपला कचरा पाहुण्यांना अभिमानाने दाखवते, त्याच्या वाळूवर आपण वेफरची पाकिटे टाकून यायची का, हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागला नाही.

आता समुद्र. कोकणात भरती मोजायची एक जुनी युक्ती आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. त्या दिवशी नवमी. नऊची पाऊणपट पावणेसात. सकाळी पावणेसात आणि संध्याकाळी पावणेसात भरती, मध्ये दुपारी पाऊणच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. दिनदर्शिका नसेल तर चांदच्या तारखेत एक-दोन मिळवायचे, तिथी मिळते. हा अंदाज आहे, म्हणून किनाऱ्यावर कोळ्याला विचारून पक्के करून घ्यावे. त्याच्याइतका मोठा उस्ताद कोणी नाही.

असरची नमाज खोलीवर पढून आम्ही सागरेश्वरच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी चढत होते, पण भांगाचे, शांत. उतरत्या पाण्यात जाऊ नये, ते आत ओढते. शांत दिसणाऱ्या अरुंद पट्ट्यातही जाऊ नये. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा गप्प असतो. माणसाला ती जागा बरी वाटते, पण तिथूनच पाणी परत समुद्रात धावत असते. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करावा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. हे मुलांकडून मी दोनदा वदवून घेतले. आमचे नियम तीन होते. गुडघ्यापलीकडे नाही, एकट्याने नाही, आणि मगरिबच्या आधी अर्धा तास सगळे बाहेर. बुरखा आणि ओढणी भिजली की मणभर जड होते, म्हणून मी आणि थोरलीने जाड सुती सलवार-कमीज घातली होती आणि ओढणी मागे गाठ मारून बांधली होती. पिशव्या आणि चपला राखायचे काम यजमानांकडे दिले. त्यांनी ते तक्रार न करता केले.

अम्मींची खुर्ची पाण्याच्या रेषेपासून दहा पावलांवर ठेवली होती. भरती होती, पाणी पुढे येत होते. आम्ही खुर्ची मागे घेऊ लागलो तर त्यांनी हाताने थांबवले. लाट आली, पायांवरून गेली, खुर्चीचे पाय वाळूत थोडे रुतले. त्यांनी विचारले, "मक्का किधर पडता?" मी हाताने वायव्येकडे दाखवले. पश्चिमेला सूर्य उतरत होता, त्याच्या थोडे उजवीकडे. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतना पानी पार करके गये बावा. और हमना लगता था, मुंबई तक गये तो क्या बड़ी बात." त्यांनी ओंजळीत पाणी घेतले, चव बघितली आणि तोंड वाकडे केले. धाकटा खो खो हसला. त्याही हसल्या. थोरली त्यांच्या पायाशी वाळूत बसून राहिली. तिने त्या दिवशी पाण्यात खेळायचा हट्ट पुन्हा केला नाही, आणि मला तो करायला सांगावेसे वाटले.

घरी आल्यावर उर्दूच्या तासाला मद्द-ओ-जज़र हा शब्द आला. मद्द म्हणजे भरती, जज़र म्हणजे ओहोटी. मौलाना हाली यांनी १८७९ साली मुसद्दस लिहिली, तिच्या नावातच हे दोन शब्द आहेत. वर्षानुवर्षे मी तो शब्द उत्कर्ष आणि ऱ्हास असा शिकवत आले होते आणि मुले तो तसाच पाठ करत होती. या वेळी फळ्यावर चांद काढला, सूर्य काढला, पृथ्वी काढली आणि पाऊणपटीचे गणित मुलांकडून सोडवून घेतले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो दर बासी ईदला मोठ्या भावाबरोबर जीपमधून जातो, वही घेऊन पुढे आला. "टीचर, मग आमच्या भावाची जीप सातव्या तारखेला न्यायला सांगू का?"

मी म्हटले, "सांग. आणि गाडीत बहिणीसाठी एक जागा ठेवायला सांग."